जेवणाआधीचं पेट्रोल

मेस्त्री शुक्रवारी संध्याकाळी कामावरून आले की वहिनी त्यांना आधी गॅलरीत उभं करायच्या. शब्बाथच्या मेणबत्त्या लावून, प्रार्थना म्हणून होईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही, असा त्या घरचा कायदा होता. माणसाच्या अंगाला पेट्रोलचा इतका वास की पेटत्या ज्योतीजवळ त्याला नेणं म्हणजे बिल्डिंगीतल्या बारा बिऱ्हाडांशी वैर. एकदा विसरून ते थेट आत शिरले, तर वहिनींनी काडी ओढायच्या आधीच दोन्ही मेणबत्त्या भक्कन पेटल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण रामल्यात ज्याला विचाराल तो सांगेल, कारण त्या सगळ्यांना मीच सांगितलंय.

आम्ही दोघं यरुशलेमच्या वाटेवरच्या रामल्यातल्या एका गॅरेजात होतो. ट्रक आणि बसगाड्या दुरुस्त करणारं मोठं गॅरेज. चाळीस माणसं, कुणी मोरोक्कोचा, कुणी इराकचा, कुणी रुमानियाचा, दोघं-तिघं गावातले अरब, आणि हिंदुस्थानातून आलेले आम्ही दोन नग. मी गाड्यांचं वायरिंग बघायचो, मेस्त्री इंजिनं बघायचे. मूळचे अलिबागकडचे. बापजाद्यांचा तेलाचा घाणा, शनिवारी शब्बाथची सुट्टी पाळून, बैल सोडून बसणारे तेली. मेस्त्रींनी मात्र मुंबईला बसच्या वर्कशॉपात पंधरा वर्षं घालवली आणि मग बायकापोरांसकट इकडे आले. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मी त्यांना मेस्त्री म्हणायचो, ते ऐकून बाकीचेही म्हणायला लागले. मोरोक्कोवाल्यांना तर शेवटपर्यंत वाटत होतं की ते त्यांचं आडनाव आहे.

इंजिनाला दुसरे मेकॅनिक कान लावतात, हे नाक लावायचे. बॉनेट उघडून एकदा हुंगलं की सांगायचे, तीन नंबरचा पिस्टन. रबरी नळीनं टाकीतलं पेट्रोल तोंडानं ओढायचे, चूळ भरायचे, थुंकायचे आणि बोलायचे, "हे हैफाचं. आणि मंगळवारचं." ब्रेकचा ड्रम खोलला की आत तोंड घालून अशी फुंकर मारायचे की ॲस्बेस्टॉसच्या करड्या धुळीचा ढग थेट यरुशलेमच्या रस्त्याला लागायचा, आणि आम्ही दोघं पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखे बाहेर यायचो. त्या धुळीलाही आता डॉक्टर लोक नावं ठेवतात. तेव्हा आम्ही खाकरून थुंकायचो आणि चहा मागायचो.

बोलणं मोजकं. मला एक गोष्ट सांगायला पाऊण तास लागायचा, त्यांना पाऊण वाक्य. जेवणाच्या सुट्टीत माझ्याभोवती घोळका जमायचा. हे लांब बसून ब्रेड चावत ऐकायचे आणि शेवटी मराठीत बोलायचे, "गप्पाड्या, तुझ्या गोष्टीतली हवा काढली ना, तर ती रिमवर चालेल."

"चालेल ना पण, मेस्त्री?"

"चालेल. आवाज फार करील."

त्यांच्या हातांचं प्रकरण सुरू झालं ते कँटीनमधल्या एका म्हाताऱ्यापायी. अन्न धर्माच्या नियमाप्रमाणे शिजतंय की नाही हे बघायला तो नेमलेला होता. नळाजवळ खुर्ची टाकून बसायचा. ब्रेड तोडायच्या आधी हातावर पाणी घ्यायचं, दोन कानांच्या भांड्यानं, आधी उजव्यावर मग डाव्यावर, आणि मग आशीर्वादाची प्रार्थना म्हणायची, ही आम्हा सगळ्यांचीच चाल. कोकणात मेस्त्रींची आई तांब्यानं पाणी घालायची, इथे भांडं आलं, एवढाच फरक.

ही पासष्टच्या आसपासची गोष्ट. त्याच्या थोडंच आधी इथल्या काही धर्मपंडितांनी आमचे लोक खरे ज्यू आहेत का, आमच्याशी सोयरीक करण्याआधी चौकशी करावी का, असा प्रश्न काढला होता. आमच्या लोकांनी भांडून भांडून तो मिटवला. कागदावर मिटला. मनात खरचटलेलं होतं ते तसंच होतं. आणि नेमक्या त्या दिवसांत एका दुपारी मेस्त्री हातावर पाणी घेऊन वळले, तर म्हातारा म्हणाला, "थांब. पाणी तुझ्या हाताला लागलंच नाही."

"आत्ताच तर घेतलं."

"ते ग्रीसला लागलं. कातडी आणि पाणी ह्यांच्यामध्ये काही असलं तर ते धुणं धरत नाहीत. तुमच्या हिंदुस्थानात हे कुणी शिकवलं नसेल."

म्हातारा दुष्ट नव्हता, बहिरा होता. बहिऱ्या माणसासारखा ओरडून बोलला. अख्ख्या कँटीननं ऐकलं. मेस्त्रींनी ब्रेड ताटात ठेवला आणि बाहेर निघून गेले. दिवसभर उपाशी राहिले. मी काहीतरी थट्टा करायला गेलो तर माझ्याकडे असं बघितलं की मी आयुष्यात पहिल्यांदा गोष्ट अर्धी सोडली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून इनॅमलचं एक दोन कानांचं भांडं आणलं. गॅरेजच्या मागच्या भिंतीशी आडवं कापलेलं अर्धं पिंप होतं, त्यात इंजिनाचे सुटे भाग धुवायचं पेट्रोल असायचं. मेस्त्रींनी भांडं त्यात बुडवलं. तीनदा उजव्या हातावर, तीनदा डाव्या हातावर. मग ब्रशनं नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, कोपरापर्यंत. मग नळावर जाऊन पाणी. आणि दोन्ही हात म्हाताऱ्याच्या नाकाखाली धरले. म्हाताऱ्यानं वास येऊन मान मागे घेतली, उलटसुलट करून नखं पाहिली आणि म्हणाला, "चालेल."

त्या एका "चालेल"वर मेस्त्री अठरा वर्षं जगले. दिवसातून तीनदा: दहाच्या न्याहारीआधी, दुपारच्या जेवणाआधी आणि घरी निघताना. म्हातारा चार वर्षांत वारला, त्याच्या जागी दुसरा कुणी आलाही नाही, पण ह्यांचं पेट्रोल चुकलं नाही. हात असे झाले की काय सांगू! मेकॅनिकचे हात म्हणजे काळ्या रेघांचा नकाशा असतो. ह्यांचे हात बँकेतल्या कॅशियरसारखे. गोरे नव्हेत, पण लख्ख. कोरडे, थोडे भेगाळलेले, नखं शिंपल्यासारखी.

असे हात बाकीच्यांच्या बायकांनी पाहिले, आणि घरोघरी भांडणं लागली. गिअरबॉक्सचं काम करणारा एक लठ्ठ मोरोक्कोवाला होता, त्याची बायको म्हणाली म्हणे, त्या हिंदी माणसाला जमतं ते तुला का जमत नाही? दुसऱ्या दिवसापासून तो पिंपापाशी. मग इराकवाले, मग रुमानियावाले. वर्षभरात जेवणाची घंटा झाली की पिंपापुढे रांग लागायला लागली. रुमानियाचा मॅनेजर तर खूश. साबण मागणारं कुणी उरलंच नाही. तो पिंपाला म्हणायचा 'मेस्त्रींचा मिक्वे'. मिक्वे म्हणजे आमच्याकडे शुद्धीच्या स्नानाचा हौद. आणि मेस्त्री त्या हौदाशेजारी उभे राहून एकेकाची नखं तपासायचे. "अंगठ्याखाली राहिलंय. परत घाल." माणूस हसत हसत परत हात घालायचा. माझेही हात त्यांनी कितीदा परत पाठवले.

आनंदी माणूस होता तो तेव्हा. हे लिहून ठेवलं पाहिजे, कारण पुढचं वाचताना कुणाला वाटायचं नाही.

अठरा वर्षं झाली असतील, तेव्हा त्यांच्या दंडावर निळे डाग दिसायला लागले. मी म्हटलं, वहिनींनी लाटणं मारलं वाटतं. हसले. मग जिना चढताना मध्येच बसायला लागले. मग एके दिवशी ब्रेडचा घास तोडला, तर पांढऱ्या ब्रेडवर हिरड्यांचं रक्त. त्यांनी तो तुकडा मुठीत लपवला. मी पाहिला.

हॉस्पिटलात मी दुभाष्या म्हणून गेलो, कारण मेस्त्रींचं हिब्रू शेवटपर्यंत लंगडंच होतं आणि त्यांच्या मुलीला मराठी कळायचं पण उत्तर हिब्रूतच सुचायचं. तिथल्या रक्ताच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "गॅरेजमध्ये पेट्रोलशी तुमचा किती संबंध येतो?"

"हात धुतो," मेस्त्री म्हणाले.

"कधी कधी?"

"दिवसात तीनदा. भाकरीच्या आधी."

"किती वर्षं?"

मेस्त्रींनी अभिमानानं सांगितलं. बाईंनी लिहायचं थांबवलं. मग सावकाश सांगितलं, की पेट्रोलमध्ये बेन्झीन नावाचा एक पदार्थ असतो. तो वासातून आत जातो, कातडीतूनही जातो, आणि वर्षानुवर्षं गेला की हाडांच्या आतली जी जागा रक्त बनवते ती बिघडवतो. ब्लड कॅन्सर. मी मराठीत सांगायला तोंड उघडलं, तर मेस्त्री म्हणाले, "कळलं. तू नको सांगू."

जिन्यात दोन पायऱ्या उतरून ते कठड्याला धरून उभे राहिले. मला वाटलं चक्कर आली.

"चाळीस जण," ते म्हणाले. "मी त्यांची नखं तपासली, रे."

घरी गेलेच नाहीत. थेट गॅरेजात. जेवणाची घंटा झाली होती. मेस्त्री हॉस्पिटलच्या कागदाचा पट्टा मनगटावर तसाच घेऊन पिंपापुढे आडवे उभे राहिले. "नको. ह्यात हात नको. आजार होतो."

गिअरबॉक्सवाला म्हणाला, "मेस्त्री, तूच शिकवलंस! अठरा वर्षं आमच्याकडून करून घेतलंस आणि आता नवा धर्म काढलास?" आणि त्यांना प्रेमानं, बाळाला उचलावं तसं उचलून बाजूला ठेवलं.

मॅनेजरकडे गेले. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी दाखवली. तिच्यात लिहिलं होतं, आजार कामामुळे झालेला असणं शक्य आहे. मॅनेजरनं ती दोनदा वाचली. "शक्य आहे? मेस्त्री, तारणहार मशियाह उद्या सकाळी गाढवावरून येणंही शक्य आहे. म्हणून मी आज गेट रंगवू? असं कर, सरकारी डॉक्टरांच्या समितीकडून कागद आण. काम आणि आजार यांचा संबंध आहे, असा शिक्का मारलेला कागद. तो आला की मी स्वतः पिंप उचलून फेकतो आणि साबण ठेवतो. शब्द दिला."

शब्द खरा होता त्याचा, हीच तर रड आहे. एक कागद हवा होता. मेस्त्रींना स्वतःसाठी त्यातून काही नको होतं. त्यांना त्या पिंपाचा तळ बघायचा होता. औषधानं केस गेले, वजन गेलं, तरी दर भेटीला एकच, "तारीख आली का समितीची?"

तारीख आली. समितीला साक्षीदार हवा होता, गॅरेजातला. बाकीचे कुणी सुट्टी टाकून यायला तयार नव्हते. राहिलो मी. वहिनींनी मला आदल्या दिवशी घरी बोलावलं, समोर बसवलं आणि म्हणाल्या, "भावजी, तीन वाक्यं बोलायची. गॅरेजात साबण नाय. पिंप मॅनेजरनं ठेवलंय. सगळे रोज तीनदा त्यात हात धुतात. पुढं गप्प. म्हणून दाखवा."

म्हणून दाखवलं.

"परत."

सहा वेळा म्हणून घेतलं त्यांनी माझ्याकडून. मेस्त्री कॉटवर पडून छताकडे बघत होते. म्हणाले, "चौथं वाक्य आलं तर जीभ चाव. मी सांगतोय."

समिती म्हणजे लांब टेबलामागे तीन डॉक्टर. मधला अध्यक्ष, जाड चष्म्याचा. डावीकडचा सर्दीनं बेजार. उजवीकडचा लिहून घेणारा. अध्यक्ष म्हणाला, "हात दाखवा."

मेस्त्रींनी हात पुढे केले, ज्या ऐटीत ते म्हाताऱ्याला दाखवायचे त्याच ऐटीत. अठरा वर्षांची सवय. अध्यक्षानं चष्मा वर केला. "अर्जात मेकॅनिक लिहिलंय. तुम्ही ऑफिसात होतात का?"

"इंजिन," मेस्त्री म्हणाले.

"ह्या हातांनी?"

"म्हणून तर धुतो!"

"पेट्रोलनं हात धुवायला कुणी सांगितलं? मॅनेजरनं?"

"कुणी नाही. मीच."

"कशासाठी?"

"भाकरी खायची असते."

"म्हणजे जेवणाच्या सुट्टीत. कामाच्या वेळेत नाही, कामासाठीही नाही." उजवीकडच्यानं लिहून घेतलं. मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना शब्द कळले होते. त्या शब्दांचं काय होणार तेही कळलं होतं. आता माझी तीन वाक्यं तेवढी उरली होती.

मी उभा राहिलो. "गॅरेजात साबण नाही," मी म्हणालो. पहिलं वाक्य. चोख. आणि सर्दीवाल्या डॉक्टरनं जांभई दिली.

मला आयुष्यात माझ्यासमोर कुणी जांभई दिलेली सोसत नाही. ही सबब नाही. झालं ते सांगतोय.

"साबण?" मी म्हणालो. "डॉक्टरसाहेब, आमच्या गॅरेजात साबण दिसला तर लोक चीज समजून खातील!" सर्दीवाल्यानं मान वर केली. "हा माणूस हात काय धुतो, आंघोळ करतो पेट्रोलनं! रोज एक पिंप! उन्हात उभा राहिला तर आम्ही पाण्याची बादली घेऊन शेजारी उभे राहतो!" लिहिणारा लिहायचा थांबला आणि हसायला लागला. तिघंही माझ्याकडे बघत होते. मी फुललो.

"रोज एक पिंप?" अध्यक्षानं विचारलं.

"कधी दोन."

"आणि गॅरेजातले बाकीचे?"

"गॅरेजातले? अहो, रामल्याचा अर्धा बाजार तिथे हात धुतो!"

शेजारून मेस्त्रींचा अगदी खालचा आवाज आला, मराठीत. "हवा काढ. हवा काढ, रे."

मी म्हणालो, "म्हणजे पिंप नाही, साहेब. एक भांडं. दिवसाला तीनदा. गॅरेजातले चाळीस जण."

अध्यक्ष चष्मा पुसत होता. "पिंप की भांडं?"

"भांडं."

"आत्ता पिंप होतं."

"ते आपलं बोलण्यात."

"मग बाकीचंही बोलण्यातलंच धरू," तो म्हणाला. रागानं नाही. त्याला माझी करमणूक आवडली होती. दाराशी माझ्याशी हातसुद्धा मिळवला.

बसमध्ये मेस्त्री खिडकीशी बसले. रामल्याचा थांबा येईपर्यंत मी माफी मागायला तोंड उघडलं की ते फक्त तळहात वर करायचे. उतरताना मी दंडाला धरलं, तर दंड नव्हताच, बाहीत हाड होतं. म्हणाले, "तुला शिव्या देत नाही. तू तसाच आहेस. पण आठ दिवस घरी येऊ नकोस."

आठ दिवसांनी गेलो. वहिनींनी दार उघडलं आणि चहा न विचारता आत निघून गेल्या. त्यांनी मला त्यानंतर कधीच चहा विचारला नाही, आणि बरोबर केलं.

कागद आला तो महिन्याभरानं. कामाशी संबंध सिद्ध होत नाही. हात धुण्याची सवय खाजगी स्वरूपाची. साक्षीदाराचं म्हणणं अतिरंजित, सबब विचारात घेतलेलं नाही. मी वाचून दाखवलं. शेवटची ओळ गाळून दाखवली. मेस्त्री म्हणाले, "एक ओळ राहिली. कागद लांब आहे." मग ती पण वाचली.

शेवटी शेवटी ते हॉस्पिटलात होते. बोलायला दम पुरत नव्हता, पण तसंही त्यांना कधी फार शब्द लागायचे नाहीत. मला म्हणाले, "वर अपील करायला टाइम नाही. आता तूच सांग त्यांना. पण तुझ्या तोंडानं नको सांगू. माझ्या तोंडानं सांग."

"म्हणजे कसं?"

"थोडक्यात."

चार दिवसांनी गेले. सात दिवसांचं सुतक झालं. त्या सातही दिवसांत गॅरेजातले लोक पाळीपाळीनं घरी येऊन बसले, रडले. गिअरबॉक्सवाला तर लहान मुलासारखा रडला. डोळे पुसायला त्यानं हात वर केले तेव्हा माझं लक्ष त्याच्या नखांकडे गेलं. लख्ख होती.

आठव्या दिवशी मी कामावर गेलो. जेवणाची घंटा झाली. पिंपापुढे रांग लागली. मी पुढे जाऊन मेस्त्री उभे राहिले होते तिथे उभा राहिलो. घरून ठरवून आलो होतो. हात हलवायचे नाहीत, डोळे मोठे करायचे नाहीत, आवाज चढवायचा नाही.

मी म्हणालो, "ह्या पेट्रोलनं मेस्त्री मेले. अठरा वर्षं, दिवसाला तीनदा, एकेक भांडं. ते कातडीतून आत जातं. ह्यात हात घालू नका."

एवढंच. एक शब्द वाढवला नाही. माझ्या आयुष्यात मी इतकं खरं एकदम कधी बोललो नव्हतो. आणि रांग थांबली. कुणीतरी बाही खाली केली. मला वाटलं, लागलं. पाणी कातडीला लागलं.

ते वाट बघत होते. मी पुढे काय सांगतो त्याची. मागचे टाचा उंचावून बघत होते.

"मग?" गिअरबॉक्सवाल्यानं विचारलं. "पुढे?"

"पुढे काही नाही."

"सांग ना, मग काय झालं?"

"काही नाही. एवढंच आहे."

तो आणखी थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग खांदा थोपटून म्हणाला, "आज काही रंगली नाही, बाबा. दुःखात आहेस, चालायचंच." आणि मला हलकेच बाजूला करून त्यानं कोपरापर्यंत हात घातले.